प्लेगचा जंतु आणि मधलीं वीस वर्षें

आपल्याकडील जुन्या घराण्यांतील वडील माणसें काळ मोजीत तो सनावारीनें क्वचितच. "पहिल्या प्लेगांत थोरलीचें लग्न झालें," "दुसऱ्या प्लेगांत आम्ही मळ्यांत झोपड्या घालून राहिलों," अशा खुणांवर त्यांचा सारा कालक्रम उभा असे. आमच्या पिढीनें हीं बोलणीं आज्यांच्या तोंडून ऐकलीं, आणि त्या आज्यांनीं तीं आपल्या आयांकडून उचललेलीं होतीं. ज्या रोगानें एका समाजाच्या स्मरणांत पंचांगाची जागा घेतली, त्या रोगाचा जंतु तो मुंबईस येण्यापूर्वीं दोन वर्षें शास्त्रज्ञांच्या हातीं लागलेला होता, ही गोष्ट त्या आज्यांना ठाऊक नव्हती. आणि खरें सांगावयाचें तर इतिहास शिकविणाऱ्या आम्हां अध्यापकांपैकीं पुष्कळांनाहि तिचा अर्थ नीट उमगलेला नसतो.

मागें एकदां १८९७ सालच्या पुण्याविषयीं वर्गांत सांगत असतां एका विद्यार्थ्यानें विचारिलें, "सर, जंतु जर १८९४ सालींच सांपडला होता, तर पुढें पंचवीस वर्षें माणसें कां मरत राहिलीं?" तास संपत आला होता. सरकारची बेपर्वाई, लोकांचें अज्ञान, औषधांचा अभाव अशीं दोन-चार ठराविक कारणें सांगून आम्हीं वेळ मारून नेली. परंतु तें उत्तर आमचें आम्हांसच अपुरें वाटलें. प्रस्तुत लेख म्हणजे त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई होय.

रोग हा दूषित हवेमुळें, घाणीच्या वाफांमुळें उद्भवतो, ही समजूत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपांतील वैद्यांमध्येंहि दृढ होती. फ्रान्समध्यें लुई पाश्चर यानें आंबण्याच्या व नासण्याच्या क्रियांमागें सूक्ष्म जीव असतात असें दाखवून तिला पहिला धक्का दिला. जर्मनींत रॉबर्ट कॉख यानें १८७६ मध्यें गुरांच्या अँथ्रॅक्स रोगाचा आणि १८८२ मध्यें क्षयाचा जंतु सिद्ध केला. १८८४ च्या आरंभीं तोच कॉख कलकत्त्यास पटकीच्या जंतूचा निर्णय करीत होता. एखादा जंतु अमुक रोगाचें कारण आहे असें म्हणण्यास पुरावा कोणता मागावयाचा, याचे नियमहि त्याच्या नांवावर प्रसिद्ध आहेत. रोग्याच्या शरीरांत तो जंतु आढळला पाहिजे. शरीराबाहेर तो निर्भेळ असा वाढवितां आला पाहिजे. निरोगी प्राण्याच्या अंगांत घातल्यावर त्यानें तोच रोग उत्पन्न केला पाहिजे. आणि त्या प्राण्यांतून तो पुन्हां काढतां आला पाहिजे. हे नियम कडक खरे. परंतु त्यांनीं काय सिद्ध होतें व काय होत नाहीं हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. या चौकशीनें चोर कोण हें निश्चित होतें. तो कोणत्या वाटेनें घरांत शिरला, हें मात्र तिच्यांतून कळत नाहीं. प्लेगच्या इतिहासांतील सारा घोटाळा या दोन प्रश्नांच्या मधल्या अंतरांत आहे.

१८९४ च्या उन्हाळ्यांत हाँगकाँग येथें प्लेगनें थैमान मांडिलें होतें. जून महिन्यांत दोन संशोधक तेथें पोहोंचले. जपानहून आलेला शिबासाबुरो किटासाटो हा कॉखचा नामांकित शिष्य असून त्याच्यासोबत साहाय्यकांचें पथक होतें. स्थानिक इंग्रज अधिकाऱ्यांनीं त्याचें आदरानें स्वागत केलें व त्यास इस्पितळ मोकळें करून दिलें. दुसरा अलेक्झांद्र येर्सें हा पाश्चरच्या संस्थेंत तयार झालेला, स्वित्झर्लंडांत जन्मलेला एकांडा मनुष्य. त्यास प्रेतेंहि मिळेनात. अखेर त्यानें इस्पितळाजवळ एक गवती झोंपडी उभारून घेतली, प्रेतें पुरण्याच्या कामावरील खलाशांच्या हातावर कांहीं पैसे ठेविले, आणि प्रेतांच्या जांघेंतील गांठी कापून आणून त्या सूक्ष्मदर्शकाखालीं धरिल्या. २० जून रोजीं त्यास त्या गांठींत आंखूड, दोन्ही टोकांस गोलसर अशा जंतूंची नुसती दाटी दिसली. किटासाटोनेंहि त्याच्या कांहीं दिवस अगोदर जंतु पाहिल्याचें जाहीर केलें होतें. परंतु त्याच्या वर्णनांत दुसऱ्याच एका जंतूची भेसळ झाली असावी असें पुढें पुष्कळांचें मत पडलें. येथें एक मौज आहे. किटासाटोपाशीं शरीराच्या उष्णतेइतकी ऊब कायम राखणारी पेटी होती. येर्सेंपाशीं ती नव्हती. पण प्लेगचा जंतु शरीराच्या उष्णतेपेक्षां कमी उष्णतेंतच अधिक जोमानें वाढतो! तेव्हां येर्सेंचें दारिद्र्यच त्याच्या उपयोगीं पडलें, असें या विषयाचे अभ्यासक म्हणतात. आज या जंतूस 'येर्सिनिया पेस्टिस' असें नांव आहे तें त्याच्यावरूनच.

येर्सेंनें आणखी एक गोष्ट टिपून ठेविली होती. रोगाच्या वस्तींत मेलेल्या उंदरांचा खच पडत होता, आणि त्या उंदरांतहि तोच जंतु होता. उंदीर व माणूस एकाच रोगानें मरतात इतकें या झोंपडींत सिद्ध झालें. उंदरापासून माणसाकडे रोग जातो कसा, हा प्रश्न तेथेंच राहिला.

दोन वर्षांनीं, २३ सप्टेंबर १८९६ रोजीं, मुंबईंत मांडवी भागांतील एका रोग्यास तपासून डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं हा गांठीचा ताप म्हणजे प्लेग होय असें निदान केलें. व्हिएगस हे मूळचे गोव्याचे, मुंबई म्युनिसिपालिटीचे सभासद. मांडवी हा बंदरालगतचा, धान्याच्या वखारींनीं गजबजलेला भाग. तेथें उंदरांना काय तोटा? १८९१ च्या शिरगणतींत मुंबईची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या घरांत होती. पुढील कांहीं महिन्यांत त्यांतील निम्म्याच्या आसपास माणसें आगगाड्यांनीं, बोटींनीं, बैलगाड्यांनीं शहर सोडून गेलीं, आणि त्यांच्याबरोबर रोगहि देशभर पसरला.

सरकारनें केलें तें आळसानें केलें असें म्हणतां येणार नाहीं. उलट अंगावर यावा इतका उत्साह त्यांत होता. मोऱ्यांतून समुद्राचें पाणी व कार्बोलिक यांचे लोट सोडण्यांत आले. घरें धुतलीं, चुना फांसला, उजेड यावा म्हणून छपरांचीं कौलें काढलीं. कित्येक घरांच्या दारांवर मनुष्यवस्तीस अयोग्य अशा अर्थाचीं 'यू. एच. एच.' हीं तीन इंग्रजी अक्षरें रंगविलीं. रोग्यांस इस्पितळांत व त्यांच्या घरच्या माणसांस निराळ्या तळावर नेण्यांत येऊं लागलें. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा मंजूर होऊन या सर्वांस कायद्याचें पाठबळ मिळालें. या उपायांच्या मुळाशीं कल्पना एकच होती: प्लेगचें विष जमिनींत, घाणींत, कोंदट खोल्यांत व रोग्याच्या कपड्यांत मुरून बसतें. जंतूचें नांव नवें होतें. त्याच्यावर चालविलेलीं शस्त्रें मात्र जुन्या दूषित हवेच्या शास्त्रांतलींच होतीं. मोऱ्यांत लोट सोडले कीं उंदीर बिळें सोडून शेजारच्या आळींत जात, आणि त्यांच्या अंगावरील प्रवासी त्यांच्याबरोबरच जात. रोग झाडून काढण्याच्या या खटाटोपांत तो पसरविण्यासहि आपलाच हातभार लागत असेल, ही शंका तेव्हां फारच थोड्यांस आली.

पुण्यांत काय झालें तें महाराष्ट्रास सांगावयास नको. रँड या मुलकी अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं १८९७ च्या मार्चपासून गोऱ्या सोजिरांच्या टोळ्या घरोघर झडत्या घेऊं लागल्या. सोजीर देवघरांत व स्वयंपाकघरांत बूट घालून शिरतात, स्त्रियांची तपासणी उघड्यावर करितात, चीजवस्तु रस्त्यांत आणून जाळतात, अशा तक्रारींनीं वर्तमानपत्रें भरून गेलीं. २२ जून रोजीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्रीं, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनीं रँड व आयर्स्ट यांजवर गोळ्या झाडल्या. पुढें टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. हें सर्व आपल्या राजकीय इतिहासांत विस्तारानें आलेलें आहे. त्याच वर्षीं १० मार्च रोजीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करितां करितां सावित्रीबाई फुले त्याच रोगानें गेल्या, याचाहि उल्लेख आतां केला जातो. परंतु या प्रकरणाकडे विज्ञानाच्या बाजूनें पाहण्याची आपली संवय नाहीं. तसें पाहूं गेल्यास एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते. सोजीर ज्या घराची झडती घेत होते, त्या घरांत आरोपी खरोखरच होता. पण ते त्यास माजघरांत, अंथरुणांत व माणसांच्या अंगावरील गांठींत शोधीत होते, आणि तो आढ्यावर, धान्याच्या कणगीमागें आणि भिंतींतल्या बिळांत सुखानें नांदत होता. लोक संतापले ते जुलमानें, हें खरेंच. परंतु त्यांच्यावर झालेला जुलूम बऱ्याच अंशीं निष्फळहि होता, आणि ही निष्फळता त्यांच्या डोळ्यांसमोर रोज घडत होती. ज्या उपायांनीं घर उद्ध्वस्त होतें पण रोग हटत नाहीं, त्या उपायांवर लोकांनीं विश्वास ठेवावा तरी कशाच्या बळावर?

याच काळांत मुंबईंत दुसऱ्या एका रीतीनें काम चाललें होतें. १८६० सालीं ओडेसा येथें ज्यू कुटुंबांत जन्मलेला वाल्डेमार हाफकिन हा पाश्चरच्या संस्थेंत शिकून, पटकीची लस तयार करून, १८९३ सालीं हिंदुस्थानांत आला होता. १८९६ च्या ऑक्टोबरांत सरकारनें त्यास कलकत्त्याहून मुंबईस बोलाविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एक खोली व पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सरंजामावर त्यानें प्लेगची लस करावयास घेतली. मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे, म्हणजे त्या थेंबांना धरून जंतूंच्या वसाहती वडाच्या पारंब्यांसारख्या खालीं लोंबूं लागत. त्या हलवून खालीं पाडल्या कीं नव्या पारंब्या फुटत. असें कांहीं आठवडे करून मग तें सारें मिश्रण तापवून जंतु मारून टाकीत, आणि त्यांत थोडें कार्बोलिक घालीत. मेलेले जंतु अंगांत गेले म्हणजे रोग होत नाहीं. परंतु शरीरास शत्रूची ओळख पटते व तें तयारीनें राहतें, हें या लसीमागील तत्त्व.

१० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिननें प्रथम स्वतःच्या अंगांत ही लस टोंचून घेतली. त्यास सडकून ताप आला व तो उतरला. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला, तेव्हां कैद्यांपैकीं जे राजी होते त्यांस लस देण्यांत आली. हे सुमारें निम्मे भरले. न टोंचलेल्यांत बारा जणांस प्लेग होऊन सहा दगावले. टोंचलेल्यांत दोघे आजारी पडले व ते दोघेहि वांचले. संख्या लहान खरी, परंतु एकाच छपराखालीं, एकाच अन्नावर असलेल्या दोन गटांतील ही तुलना होती, म्हणून तिला वजन आलें. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरु आगाखान यांनीं लोकांदेखत स्वतः टोंचून घेतलें आणि प्रयोगशाळेसाठीं आपला बंगला दिला. तेव्हां त्यांच्या समाजांतील हजारों माणसें टोंचून घेण्यास पुढें आलीं. एकीकडे पुण्यांत बंदुकीच्या धाकानें उघडलेलीं दारें, आणि दुसरीकडे मुंबईंत आपण होऊन पुढें केलेले दंड! दोन्ही ठिकाणीं ज्ञान तितकेंच अपुरें होतें, कारण रोगाची वाट हाफकिनलाहि ठाऊक नव्हती. फरक इतकाच कीं, हाफकिन आपल्या ज्ञानाचा पहिला धोका स्वतःच्या अंगावर घेत होता, आणि पुण्यांत तो दुसऱ्याच्या घरावर लादला जात होता. १० ऑगस्ट १८९९ रोजीं परळच्या जुन्या गव्हर्मेंट हाउसांत त्याची प्रयोगशाळा उघडली गेली. पुढें १९२५ पासून तिला हाफकिनचेंच नांव मिळालें, आणि तें आजतागायत कायम आहे.

आतां वाटेच्या प्रश्नाकडे वळूं. येर्सें स्वतः १८९७ च्या मार्चमध्यें आपलें औषधी रक्तजल घेऊन मुंबईस आला होता. परंतु त्याचा गुण बेताचाच आला. त्याच्या जागीं पाश्चर संस्थेनें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरास पाठविलें. रोग्यांस तपासतांना सिमाँच्या एक बारीक गोष्ट नजरेस आली. कित्येकांच्या पायावर वा हातावर टांचणीच्या डोक्याएवढा एक फोड असे, त्या फोडांतील पाण्यांत प्लेगचे जंतु असत, आणि गांठ उठे ती त्याच फोडाच्या बाजूस. हा फोड म्हणजे चाव्याची खूण तर नसेल? चावणारा कोण? उंदराच्या अंगावरील पिसू!

२ जून १८९८ रोजीं कराचींत—कराची तेव्हां मुंबई इलाख्यांतच होती—सिमाँनें आपली निर्णायक परीक्षा केली. प्लेगच्या रोग्याच्या घरांत धरलेला एक आजारी उंदीर त्यानें मोठ्या कांचेच्या बरणींत ठेविला. पिसवा पुरेशा असाव्या म्हणून मांजराच्या अंगावरच्या आणखी कांहीं पिसवा त्यांत सोडल्या. मग जाळीच्या एका लहान पिंजऱ्यांत निरोगी उंदीर घालून तो पिंजरा बरणींत टांगला. दोन उंदरांचा एकमेकांस स्पर्श होणें शक्य नव्हतें. परंतु पिसूस जाळीची अडचण नव्हती. आजारी उंदीर मेला. आणि पांच-सहा दिवसांनीं टांगलेला उंदीरहि मेला, त्याच्या शरीरांत प्लेगचे जंतु खच्चून भरलेले निघाले. पिसवा नसलेल्या आजारी उंदराजवळ निरोगी उंदीर ठेवून पाहिला, तर त्यास कांहीं झालें नाहीं. जी गोष्ट कळण्यासाठीं शहरेंच्या शहरें उकरून काढलीं गेलीं, ती एका बरणींत मावली.

आणि तरीहि तिच्यावर कोणी विश्वास ठेविला नाहीं. त्याच सुमारास हिंदुस्थानांत फिरणाऱ्या सरकारी प्लेग-कमिशननें सिमाँचा पुरावा विचारांत घेण्याच्याहि योग्यतेचा नाहीं असा निर्णय दिला. यास केवळ दुराग्रह म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. सिमाँच्या प्रयोगांची संख्या थोडी होती. ज्यांनीं ते पुन्हां करून पाहिले त्यांतील कांहींना यश आलें नाहीं, कारण पिसवांच्या जाती अनेक आणि प्रत्येक जात हें काम सारख्याच कुशलतेनें करीत नाहीं, हें त्यांस ठाऊक नव्हतें. तथापि दुसरेंहि एक कारण असावें असें आम्हांस वाटतें. मोऱ्या, घरें, कपडे व रोगी यांच्यावर सत्तेनें एवढा मोठा डाव मांडलेला, त्यासाठीं रक्त सांडलेलें. आणि आतां एका पिसवेच्या साक्षीवरून तो डाव चुकला होता असें कबूल करावयाचें? मनुष्य चूक करितो तेव्हां ती सोडून देणें सोपें असतें. परंतु चुकीसाठीं त्यानें जबर किंमत मोजली म्हणजे तो तिला घट्ट धरून बसतो.

हा अडसर दूर झाला तोहि मुंबईंतच. परळच्या प्रयोगशाळेंतील ग्लेन लिस्टन यानें उंदरांच्या व माणसांच्या साथींतील पिसवांचा पिच्छा पुरविला, आणि १९०५ पासून लंडनच्या रॉयल सोसायटीच्या व लिस्टर संस्थेच्या साहाय्यानें नेमलेल्या संशोधक मंडळानें तेथें प्रयोगांची मालिकाच लाविली. मुद्दाम बांधलेल्या खोल्यांत आजारी व निरोगी गिनीपिग एकत्र कोंडले. पिसवा नसतील तर ते एकमेकांची घाण तुडवीत राहिले तरी निरोगी प्राणी निरोगीच राहत. आजारी आयांचें दूध पिणारीं पिलेंहि वांचत. पिसवा सोडल्या कीं मात्र मरण सुरू. प्लेगच्या घरांत पिंजरे ठेवून पाहिले: जमिनीलगतच्या पिंजऱ्यांतील जनावरें मेलीं, दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यांतील वांचलीं, कारण पिसवेची उडी तेथवर पोहोंचत नाहीं. हवा दोन्हीकडे एकच होती. जी हवा शतकानुशतकें आरोपीच्या पिंजऱ्यांत उभी होती, ती या साध्या प्रयोगानें निर्दोष सुटली.

एक दुवा उरला होता. पिसू चावते ती रक्त पिण्यासाठीं. मग ती जंतु अंगांत सोडते कशी? १९१४ सालीं लंडनमध्यें बॅकट व मार्टिन या दोघांनीं त्याचा उलगडा केला. पिसवेच्या पोटाच्या तोंडाशीं हे जंतु इतके वाढतात कीं तेथें बूच बसतें. रक्त पोटांत जाईना म्हणून भुकेनें वखवखलेली पिसू पुन्हां पुन्हां चावते, आणि ओढलेलें रक्त बुचाला आपटून जंतूंसह परत जखमेंत ओकते. उंदीर मेला व त्याचें शरीर थंड पडलें म्हणजे अशा उपाशी पिसवा नवें ऊबदार अंग शोधूं लागतात; आणि रात्रीं जमिनीवर अंथरूण टाकून निजलेला मनुष्य त्यांना सांपडतो. १८९४ ते १९१४ या वीस वर्षांत ही सांखळी पुरी झाली. तेवढ्यांत हिंदुस्थानांत कित्येक लक्ष माणसें मेलीं, आणि साथ ओसरेपर्यंत हा आंकडा एक कोटीच्या आसपास गेला.

अपुऱ्या ज्ञानावर घाईनें निवाडा करण्याची खोड केवळ रयतेलाच भोंवली असें नाहीं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल या गांवीं—तें आतां पाकिस्तानांत आहे—हाफकिनची लस टोंचलेल्या एकोणीस माणसांस धनुर्वात होऊन तीं सर्व मेलीं. एकूणएक माणसें एकाच बाटलींतून टोंचलेलीं होतीं. त्याच दिवशीं इतर बाटल्यांतून टोंचलेल्या कोणासहि कांहीं झालें नाहीं. चौकशी-समितीनें ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेविला, आणि हाफकिनला कामावरून दूर करण्यांत आलें. वस्तुतः ती बाटली उघडतेवेळीं चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करितां वापरला गेला, ही गोष्ट कागदोपत्रीं नमूद होती. शिवाय विष जर प्रयोगशाळेंतच भिनलें असतें, तर तें बाटलींत कित्येक आठवडे वाढून रोगाचीं लक्षणें फार लवकर दिसतीं. तीं आठवड्याच्या सुमारास दिसलीं, यावरून भेसळ टोंचण्याच्या वेळीं झाली असें मानणें सयुक्तिक होतें. तरीहि हाफकिन निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडावें लागलें. रोनाल्ड रॉससारख्या मलेरियाच्या संशोधकास लंडनच्या 'टाइम्स'मधून त्याची बाजू मांडावी लागली. तो परत आला तो कलकत्त्यास. परळची जागा त्यास पुन्हां मिळाली नाहीं. १९३० मध्यें तो लोझान येथें वारला.

येथवरची कथा दृष्टीस दिसणाऱ्या गोष्टींची झाली. परंतु जंतूच्या पोटांत शिरून त्याची जन्मकुंडली वाचण्याची विद्या गेल्या कांहीं दशकांत मनुष्यास साध्य झाली आहे, आणि तिनें या जुन्या दप्तरावर नवा प्रकाश टाकिला आहे. प्रत्येक जीवाच्या पेशींत डीएनए नांवाची एक लांबच लांब सांखळी असते; चार अक्षरांच्या लिपींत त्या जीवाचा सारा वारसा तींत लिहिलेला असतो. २००१ सालीं प्लेगच्या जंतूची ही संहिता प्रथम संपूर्ण वाचली गेली: मुख्य सांखळींत सुमारें साडेशेचाळीस लक्ष अक्षरें, आणि तिच्याशिवाय तीन लहान वर्तुळाकार पुरवण्या. या जंतूचा निकटचा पूर्वज पोटाचा साधा विकार करणारा एक जंतु आहे. अन्नपाण्यांतून फिरणाऱ्या त्या कुळांतील एक शाखा पिसवेच्या वाहनावर चढली कशी? उत्तर एका पुरवणींत सांपडलें. तींतील एका जनुकामुळें जंतु पिसवेच्या पोटांत जिवंत राहूं शकतो. तें जनुक काढून टाकिलें कीं तो तेथें तग धरीत नाहीं, असें २००२ मध्यें दाखविण्यांत आलें. २०११ मध्यें लंडन येथें चौदाव्या शतकांतील महामारीच्या दफनभूमींत मिळालेल्या सांगाड्यांच्या दातांतून याच जंतूची संहिता जुळविली गेली; आणि २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींच्या दातांतहि प्लेगचा जंतु निघाला, पण त्यांत हें जनुक नव्हतें! म्हणजे प्लेग प्रथमपासून पिसवेवर बसून आलेला नाहीं. त्यानें ती स्वारी मागाहून मिळविली. सिमाँच्या बरणीची साक्ष अशी एका शतकानंतर खुद्द जंतूच्याच हस्ताक्षरांत मिळाली.

ज्ञान आतां पुष्कळ पुरें झालें. पण तेवढ्यानें प्रश्न मिटला काय? १९९४ च्या ऑगस्टांत आपल्या बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं गांठीचा प्लेग दिसला. आदल्या वर्षींच्या किल्लारीच्या भूकंपानंतर सोडलेल्या घरांतून धान्य पडून राहिलें व उंदीर माजले, असा संबंध कित्येकांनीं जोडला. सप्टेंबरांत सुरतेस फुप्फुसाचा प्लेग झाला. स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांसारखीं हुकमी औषधें हाताशीं असल्यामुळें मृत्यु पन्नासच्या आसपासच राहिले. परंतु औषध हाताशीं असूनहि लक्षावधि लोक, आणि त्यांत कित्येक डॉक्टरहि, रातोरात शहर सोडून पळाले. लोकांस औषध ठाऊक नव्हतें असें नाहीं. औषध आपल्यापर्यंत वेळेवर पोहोंचेल आणि आपल्यास खरें तें सांगितलें जाईल, याची खात्री त्यांस नव्हती. मुंबईंतून १८९६ सालीं पळालेल्या आणि सुरतेंतून १९९४ सालीं पळालेल्या माणसांत अठ्ठ्याण्णव वर्षांच्या विज्ञानाचें अंतर आहे. खात्रीच्या बाबतींत मात्र तीं जवळजवळ शेजारीच उभीं आहेत.

तेव्हां त्या विद्यार्थ्यास आज आम्ही असें सांगूं: जंतु सांपडला तेव्हां रोगाचें नांव कळलें, रोग कळला नव्हता. मधलीं वर्षें अंधारांत चांचपडण्याचीं होतीं, आणि तें शास्त्राच्या भाग्यीं नेहमींच असतें. त्याबद्दल कोणास दोष देतां येत नाहीं. दोष आहे तो चांचपडत असतां आपणांस दिसतें असें भासविण्यांत, आणि तेवढ्या भरंवशावर दुसऱ्याचें दार फोडण्यांत. हाफकिनलाहि पुरतें दिसत नव्हतें, सिमाँपाशीं एक बरणी आणि दोन उंदीर होते. परंतु दोघांनींहि आपल्याला किती ठाऊक आहे याचें माप लोकांपासून लपविलें नाहीं. पुढें कधीं नवी साथ आली, आणि ती येणारच, तर तिचा जंतु आतां कांहीं दिवसांतच ओळखला जाईल. त्यानंतरचे महिने आपण कसे घालवितों, यावर आपल्या नातवंडांच्या तोंडीं त्या सालाचें नांव कोणत्या सुरांत येईल तें अवलंबून राहील.